ओव्हनमधले सायकलिंग शूज: सत्तर अंशांवर नेमकं काय मऊ होतं?

ओव्हन ७० अंश सेल्सियसवर तापवायचा, बुटांचे पट्टे आणि तारा आवळायची डायल पूर्ण सैल करायचे, जोडी आत ठेवायची आणि २० मिनिटांनी बाहेर काढून थेट पायात घालायची. बॉन्ट कंपनीच्या सायकलिंग शूजबरोबर येणारी ही सूचना पहिल्यांदा वाचणाऱ्याला थट्टा वाटते. एवढे पैसे मोजून घेतलेले बूट काय भाजायचे? पण कंपनीचं म्हणणं अगदी शब्दशः तसंच असतं. सिडनीत १९७५ साली इन्झे बॉन्ट यांनी ही कंपनी सुरू केली ती स्केटिंगच्या बुटांसाठी. गरम करून पायावर बसवायची युक्ती तिथली, सायकलवाल्यांकडे ती नंतर आली.

आधी सायकल चालवताना पाय मुळात का दुखतात, ते पाहू. चालताना पायाचा भार टाचेकडून चवड्याकडे आणि तिथून अंगठ्याकडे सरकत जातो, त्यामुळे प्रत्येक भागाला क्षणभर उसंत मिळते. सायकलवर तसं नसतं. बुटाच्या तळाला बसवलेली खाचेची पट्टी, म्हणजे क्लीट, पेडलमध्ये अडकलेली असते आणि सगळा जोर चवड्याच्या त्याच चार बोटं रुंद पट्टीवर येतो. मिनिटाला ९० फेरे धरले तर तासाला ५,४०० वेळा, एकाच जागी. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची, वेळमर्यादा साडेतेरा तास असते, म्हणजे पुढचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

जोर वाया जाऊ नये म्हणून तळ कडक करतात आणि सर्वांत कडक तळ कार्बन फायबरचा. हा कडकपणा फुकट मिळत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कार्बन तळाच्या बुटात तळपायावरचा कमाल दाब प्लॅस्टिक तळाच्या बुटापेक्षा सुमारे १८ टक्के जास्त भरला. पायात २६ हाडं असतात. चवड्यातल्या लांब हाडांच्या टोकांमधून बोटांकडे जाणाऱ्या बारीक नसा जातात. वरून दाब आणि दोन्ही बाजूंनी आवळणारा अरुंद बूट अशा कात्रीत त्या सापडल्या की आधी जळजळ होते, मग बोटं बधिर पडतात. त्यात उन्हामुळे आणि तासन्‌तासांच्या श्रमामुळे पाय थोडे सुजतात. सकाळी सहाला छान बसलेला बूट अकराला छळायला लागतो तो यामुळे. म्हणून बूट घ्यायला दुकानात जायचं ते संध्याकाळी, आणि सायकल चालवताना जे मोजे घालतो तेच घालून.

आता ओव्हनकडे. कार्बनचा तळ म्हणजे दोन गोष्टींचा संसार: धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. धागे बनतात हजार अंशांच्याही वर. ७० अंशांची त्यांना गंधवार्ताही नसते. बदलतं ते रेझिन. ते असतं एकमेकांत गुंतलेल्या लांबलचक रेणूसाखळ्यांचं. थंड असताना या साखळ्या जागच्या जागी थिजलेल्या असतात. एक ठरावीक तापमान ओलांडलं की त्यांचे तुकडे वळवळू लागतात आणि काचेसारखा कडक पदार्थ चिवट रबरासारखा होतो. याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. हे वितळणं नव्हे. काही वाहत नाही, ठिबकत नाही. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत उकळतं पाणी ओतलं की ती आक्रसून वेडीवाकडी होते, पण विरघळत नाही. तिचं प्लॅस्टिक सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास ही सीमा ओलांडतं.

विमानांच्या भागांसाठी वापरतात त्या इपॉक्सी रेझिनची सीमा सहसा दीडशे अंशांच्या पुढे असते, आणि असायलाच हवी. बुटासाठी मात्र मुद्दाम खालची सीमा असलेलं रेझिन निवडतात. ती इतकी खाली हवी की बूट घरच्या ओव्हनमध्ये मऊ व्हावा आणि पायाला सोसवावा. इतकी वर हवी की मे महिन्यातल्या डांबरी रस्त्यावर तळाने मान टाकू नये. या दोहोंमधली पट्टी फार अरुंद आहे. ७० हा आकडा तिथून येतो. आणखी एक मर्यादा गोंदाची. तळ आणि वरचा भाग गोंदाने जोडलेले असतात, आणि तापमान वाढलं तर रेझिनच्या आधी गोंद हार मानतो. त्यामुळे ‘जरा जास्त तापवलं तर जास्त मऊ होईल’ हा हिशोब महागात पडतो.

धागे ताणले जात नाहीत, ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दुकानात ‘घ्या हो, गरम करून मोठा होईल’ असं सांगणारे भेटतात म्हणून थोडं गणित मांडतो. कार्बनचा नेहमीच्या वापरातला धागा साधारण दीड टक्का ताणला की तुटतो. २८० मिलिमीटरच्या तळात दीड टक्का म्हणजे जेमतेम ४ मिलिमीटर. युरोपीय मापात एक नंबर वाढतो तेव्हा लांबी वाढते ६.६७ मिलिमीटर. म्हणजे एक नंबर मोठा होण्याच्या कितीतरी आधी धागे तुटलेले असतील. लांबीत चुकलेला बूट ओव्हनने सुधारत नाही. कधीच नाही.

मग मिळतं काय? वाकणं. बॉन्टचा तळ सपाट नसतो. टबासारख्या त्याच्या कडा पायाच्या दोन्ही बाजूंनी वर येतात. मऊ झालेली कडा बाहेर झुकवायला धागे लांब व्हावे लागत नाहीत, फक्त वळावे लागतात. त्यामुळे चवड्याशी दोन-तीन मिलिमीटर जागा निघते, आणि नसांना तेवढी बऱ्याचदा पुरते. खोलगट खड्डा पाडणं त्याहून अवघड, कारण एकाच वेळी दोन दिशांना वाकायचं तर पृष्ठभागाला कुठेतरी ताणावंच लागतं. म्हणून करंगळीच्या हाडाशी किंवा अंगठ्याच्या वाढलेल्या हाडाशी छोटासा उभार हवा असेल तर बूट गरम असतानाच स्क्रूड्रायव्हरच्या मुठीचं गोल टोक आतून दाबून धरायचं. नेमकी जागा शोधायला सोपा उपाय: दुखणाऱ्या हाडावर, मोज्यावरून, लिपस्टिकचा ठिपका द्यायचा आणि बूट घालून काढायचा. आत जिथे डाग उमटतो ती जागा. अंदाजाने दाबलेला उभार हटकून एक सेंटिमीटर पुढे-मागे येतो.

सगळ्या कंपन्यांचं तंत्र एकसारखं नाही. शिमानोच्या कस्टम-फिट शूजमध्ये तापवून आकार दिला जायचा तो मुख्यतः इनसोलला (आतल्या गादीला) आणि वरच्या भागाला, तोही दुकानातल्या खास यंत्रावर: तापलेला बूट पायात घालून वर पिशवी बांधायचे आणि आतली हवा ओढून घ्यायचे, म्हणजे बाहेरची हवा सगळीकडून सारखा दाब द्यायची. लेकच्या काही मॉडेलांत फक्त टाचेची वाटी तापवून आवळता येते. टाच उचलली जात असेल तर याचा उपयोग. चवडा आवळत असेल तर शून्य. तेव्हा तक्रार कुठली आहे हे आधी, आणि आपल्या जोडीसोबत छापून आलेलं तापमान कोणतं हे त्यानंतर. एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नये.

७० अंशांचं पाणी पायावर सांडलं तर क्षणात भाजतं, मग बूट का भाजत नाही? कारण तापमान आणि उष्णतेचा साठा या वेगळ्या गोष्टी. आतलं अस्तर फोमचं, बहुतांशी हवेने भरलेलं. त्यात साठलेली उष्णता थोडी आणि ती त्वचेकडे पोचते हळू. धातूचं तसं नाही. क्लीटचे बोल्ट, बकल, डायलच्या तारा यांना बोट लावाल तर चटका बसेल. मोजे घालूनच बूट चढवायचे, खुर्चीत बसून गुडघा काटकोनात ठेवायचा, पट्टे नेहमीइतकेच आवळायचे, आणि पूर्ण गार होईपर्यंत जागचं हलायचं नाही. चालून बघायचा मोह इथे भल्याभल्यांना होतो. मऊ तळावर उभं राहिलं की तो चालण्याच्या आकारात गोठतो, पेडल मारण्याच्या नव्हे.

ओव्हनचीही एक गोची आहे. आपल्याकडच्या बऱ्याच ओटीजींची (घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनची) तबकडी शंभरपासूनच सुरू होते, आणि आतली तापणारी कांडी लाल झाली की तिच्याजवळचं तापमान आकड्याच्या बरंच वर जातं. ओव्हन थर्मामीटर आत ठेवून आधी रिकामा ओव्हन तपासावा. आकडा स्थिरावत नसेल तर ते काम दुकानावर सोपवावं. मायक्रोवेव्ह तर अजिबात नको: कार्बन वीजवाहक आहे, ठिणग्या उडतील.

माझं स्पष्ट मत: आपल्याकडच्या बहुतेकांनी ओव्हनच्या आधी रुंदीचा विचार करावा. चेन्नईच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांचे पाय त्रिमितीय स्कॅनरने मोजले. त्यात भारतीयांचे पाय युरोपीय-अमेरिकी पायांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद आढळले. रेसिंगचे बहुतेक बूट मात्र अरुंद युरोपीय कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, बेतलेले. मग आपण रुंदीसाठी एक नंबर मोठा घेतो, टाच आत सटकू लागते, क्लीट चवड्याखालून सरकते आणि दुखणं गुडघ्यापर्यंत चढतं. पाऊल कागदावर ठेवून लांबीबरोबर रुंदीही मिलिमीटरमध्ये मोजावी, दोन्ही पायांची, कारण ते क्वचितच सारखे असतात. तीच कंपनी ‘वाइड’ माप देत असेल तर ते घ्यावं. ओव्हन उरलेल्या दोन-तीन मिलिमीटरांसाठी.

बसवलेला आकार टिकतो का? बाटली आक्रसते त्यामागे एक गंमत आहे: कारखान्यात फुगवताना ताणलेल्या साखळ्या उष्णता मिळताच मूळ स्थितीकडे परततात. इपॉक्सीत तर साखळ्या एकमेकींना रासायनिक गाठींनी बांधलेल्या असतात. गरम करून दिलेला आकार हा थिजवलेला ताण असतो. पुन्हा सीमेपलीकडे तापलं आणि आत पाय नसला, तर तळ जुन्या आकाराकडे झुकतो. ॲरिझोनात केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांपर्यंत तापले होते. नागपूर-चंद्रपूरचा उन्हाळा काही वेगळा नाही. राइड संपल्यावर बूट काढून डॅशबोर्डवर वाळत टाकायची सवय असेल तर ते सीटखाली सावलीत ठेवावेत. आकार गेलाच तर पुन्हा ओव्हन आहेच, पण दर खेपेला गोंदही तापतो, तेव्हा अर्ध्या मिलिमीटरच्या हौसेसाठी दर महिन्याला भट्टी लावू नये.