लेबल नसलेली जुनी पोर्ट कशी ओळखतात: पार्श्वभूमी

पोर्ट ही पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली गोड, कडक वाइन. तिच्या जुन्या बाटलीवर लेबल दिसले नाही की ते पडले असावे किंवा कुणी काढले असावे, असे वाटते. व्हिंटेज पोर्टच्या, म्हणजे एकाच चांगल्या हंगामाच्या द्राक्षांच्या आणि बाटलीतच मुरणाऱ्या पोर्टच्या बाबतीत पुष्कळदा ते कधी लावलेलेच नसते. दमट तळघरात वीस-तीस वर्षे आडव्या पडणाऱ्या बाटलीवरचा कागद कुजणारच. म्हणून नाव आणि साल बुचावर डागत, वर लाख ओतून मोहोर उठवत आणि बाटलीच्या वरच्या अंगाला पांढऱ्या रंगाचा एक फटकारा मारत. हा फटकारा फार कामाचा. बाटली कुठेही हलवली तरी तीच बाजू वर ठेवली की खाली धरलेली साक्याची खपली मोडत नाही. अनेक जण बाटली घरी आणताच तो डाग धुऊन काढतात आणि लाखेवरची अक्षरेही त्यातच जातात. धूळ फक्त कोरड्या मऊ ब्रशने झटकावी.

दोरू खोऱ्याची हद्द 1756 मध्ये आखली गेली. आडवी ठेवता येतील अशा सरळ बाटल्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्या. पण तेव्हाची बाटली सहसा कुणाच्या हाती लागत नाही. खरा गोंधळ विसाव्या शतकातल्या बाटल्यांचा आहे आणि त्याचे मूळ बाटली कुठे भरली या प्रश्नात आहे.

1970 च्या दशकापर्यंत बहुतेक व्हिंटेज पोर्ट सुमारे 534 लिटरच्या पिंपांतून ब्रिटनला जाई आणि लंडन, ब्रिस्टल, लीथ इथले मद्यव्यापारी ती आपापल्या तळघरात भरत. त्यामुळे एकाच उत्पादकाची 1963 ची वाइन पाच व्यापाऱ्यांच्या पाच तऱ्हेच्या बाटल्यांत सापडते. काच वेगळी, लाख वेगळी, बूचही कमी-जास्त प्रतीचे. लेबल असलेच तर व्यापाऱ्याचे नाव ठळक आणि उत्पादकाचे बारीक. युद्धामुळे 1945 ची बरीचशी वाइन मात्र पोर्तुगालमध्येच भरली गेली. 1974 पासून व्हिंटेज पोर्ट उगमस्थानीच भरण्याची सक्ती झाली. जुन्या तळघरांचे कसब संपले, अशी तक्रार ब्रिटिश व्यापारी वर्तुळात त्यावर झाली. कसबी व्यापारी होतेच, पण निकृष्ट बूच वापरणारेही होते आणि वाइन खराब निघाली की बट्टा उत्पादकाला लागे. ही सक्ती आधीच व्हायला हवी होती. तिचा एक उपयोग ओळख पटवतानाही होतो: व्हिंटेज पोर्टच्या मानेवर पोर्तुगीज कागदी हमीपट्टी असेल तर बाटली पोर्तुगालमध्ये भरलेली. 1970 किंवा त्याआधीच्या सालाच्या बाटलीवर ती नसेल तर ब्रिटनमध्ये भरल्याची शक्यता मोठी.

आता बूच. ते न काढताही वाचता येते. अंधाऱ्या खोलीत मानेमागे प्रखर टॉर्च धरावा आणि बाटली न उभी करता, न फिरवता आपणच कोन बदलत पाहावे. काळपट काचेतूनही डागलेले आकडे दिसतात. लाख खाली उतरलेली असेल तर अक्षरे झाकली जातात. अशा वेळी ती थोडी थोडी उडवावी, पण त्याआधी मोहोरेचा फोटो घ्यावा. बाटली उघडायचीच असेल तर साधा स्क्रू वापरू नये. जुन्या बुचाचा मधला गाभा भुसभुशीत झालेला असतो. स्क्रू त्यातून आरपार जातो आणि नाव-सालाचा चुरा वाइनमध्ये पडतो. बाटली आधी एक-दोन दिवस उभी ठेवावी. मग लालबुंद तापवलेला चिमटा बुचाच्या खाली मानेवर मिनिटभर धरून तिथे ओले फडके लावले की काच तडकते आणि बूच मानेसकट अखंड निघते. फुटण्याचा धोका आहेच, तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवा.

साल मिळाले तरी काम संपत नाही. व्हिंटेज पोर्ट दोन-तीन वर्षांत बाटलीत जाते, लेट बॉटल्ड व्हिंटेज चार ते सहा वर्षांनी, तर कोल्हेता नावाचा प्रकार किमान सात वर्षे लाकडी पिंपात राहतो. तिघींवर एकाच हंगामाचे साल असते. 1927, 1945, 1955, 1963 ही बहुतेक उत्पादकांनी व्हिंटेज म्हणून जाहीर केलेली वर्षे. 1937 चा आकडा दिसला तर आधी कोल्हेताचा विचार करावा. कोल्हेतावर पुष्कळदा रंगाने छापलेली अक्षरे असतात आणि बाटली भरल्याचे वर्षही सापडते. वाइन तांबूस-पिंगट आणि साका जवळजवळ नाही, ही आणखी एक खूण. लेबलावर बाटली भरणाऱ्याचा पत्ता पोर्तो शहरासमोरच्या गाया या गावाऐवजी पिन्यांवसारख्या दोरू खोऱ्यातल्या गावाचा असेल, तर बाटली बहुधा 1986 नंतरची. तोवर निर्यात गायाच्या गोदामांतूनच करावी लागे.

गोव्यातल्या जुन्या घरांत सापडणाऱ्या बाटल्यांची गोष्ट वेगळी. 1961 पूर्वी पोर्तुगालहून आलेली अस्सल पोर्ट तिथे असू शकते, पण ‘पोर्ट वाइन’ नावाने विकली जाणारी स्थानिक गोड लाल वाइन जास्त आढळते. पत्र्याचे फिरकीचे झाकण, बॅच क्रमांक आणि रुपयांतली किंमत असेल तर ती स्थानिकच. पोर्तो किंवा गायाचा पत्ता, हमीपट्टी आणि 19 ते 22 टक्क्यांच्या आसपास मद्यांश दिसला, तरच बुचाकडे वळावे.