हेलन वॉट्स

वॉट्स, हेलन जोसेफिन : (७ डिसेंबर १९२७ – ७ ऑक्टोबर २००९). पाश्चात्त्य अभिजात संगीतातील ख्यातनाम वेल्श काँट्राल्टो गायिका. जन्म वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला, पेम्ब्रुकशरमधील मिलफर्ड हेवन या बंदराच्या गावी. काँट्राल्टो म्हणजे सर्वांत खालच्या पट्टीचा स्त्रीकंठ. असा अस्सल कंठ दुर्मीळ असल्याने त्याच्यासाठी लिहिलेल्या जागा पुष्कळदा मेझो-सोप्रानो, म्हणजे त्याहून किंचित वरच्या पट्टीच्या, गायिकाच गातात. मंद्रात उतरल्यावरही आवाज भरीव राहिला पाहिजे आणि शब्द पुसट होता कामा नये, ही या कंठाची खरी कसोटी. वॉट्स तिला पुरेपूर उतरत.

तरुणपणी फिजिओथेरपिस्ट होण्याचा त्यांचा विचार होता. तो मागे पडला आणि त्या लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्यूझिकमध्ये दाखल झाल्या. तेथे कॅरोलाइन हॅचर्ड आणि फ्रेडरिक जॅक्सन यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. सुरुवातीची उमेदवारी इंग्लंडमधील ग्लाइंडबोर्न या ऑपेरा महोत्सवाच्या आणि बीबीसीच्या गायकवृंदांत झाली. वृंदात गाताना शेजारच्या आवाजाचे भान सुटून चालत नाही. वॉट्स यांनी ते भान पुढे एकल गायनातही कधी सोडले नाही.

ऑक्टोबर १९५३ मध्ये ख्यातनाम इंग्लिश काँट्राल्टो कॅथलीन फेरिअर अकाली गेल्या आणि ब्रिटिश संगीतात मोठी पोकळी निर्माण झाली. त्यामागून आलेल्या प्रत्येक काँट्राल्टोला त्यांच्याशी तुलना सोसावी लागली. वॉट्सही तिच्यातून सुटल्या नाहीत. परंतु त्यांची वाट निराळी होती. फेरिअर यांच्या गाण्यातील भावनेची थेट धग त्यांच्याकडे शोधू नये. वरपासून खालपर्यंत एकसारखा लागणारा स्वर, स्वच्छ उच्चार आणि रचनेत आपली जागा नेमकी कोणती याची जाण ही त्यांची बलस्थाने. १९५५ मध्ये माल्कम सार्जंट यांच्या संचालनाखाली त्या लंडनच्या प्रॉम्स या उन्हाळी संगीतमालेत बाखच्या एकलरचना गायल्या आणि तेथून त्यांचे नाव झाले.

हँडलच्या विस्मृतीत गेलेल्या नाट्यकृती पुन्हा रंगमंचावर याव्यात म्हणून हँडल ऑपेरा सोसायटी १९५०च्या दशकात झटत होती. तिच्या ‘थिओडोरा’मध्ये १९५८ साली वॉट्स यांनी रंगमंचावर पदार्पण केले, ते डिडिमस या रोमन सैनिकाच्या भूमिकेत. १७५० साली ही भूमिका गाएतानो ग्वादान्यी या कास्त्रातो गायकाने, म्हणजे बालपणीचा उंच आवाज शस्त्रक्रियेने टिकवलेल्या पुरुषाने, गायिली होती. पुढे कास्त्रातो राहिले नाहीत, तेव्हा अशा वीरनायकांना वाचा दिली ती मुख्यतः खालच्या पट्टीच्या गायिकांनी. ‘रिनाल्दो’मधील क्रुसेडवीर नायकही वॉट्स यांनी साकारला. या नायकांना आज हक्काचे स्थान मिळाले आहे. त्यात या काळातील गायिकांच्या श्रमाचा वाटा मोठा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही.

१९६४ मध्ये इंग्लिश ऑपेरा ग्रुपच्या सोव्हिएत दौऱ्यात त्यांनी बेंजामिन ब्रिटनच्या ‘द रेप ऑफ लुक्रीशिया’ या ऑपेरातील नायिका रंगवली. १९४६ मध्ये ही भूमिका प्रथम रंगमंचावर आणणाऱ्यांत फेरिअर होत्या. १९६५ ते १९७१ या काळात वॉट्स लंडनच्या कॉव्हेंट गार्डन या ऑपेरागृहात गात होत्या. मायकेल टिपेट यांच्या ‘द मिडसमर मॅरेज’मधील सोसोस्ट्रिस या भविष्यवेत्तीची त्यांची भूमिका ध्वनिमुद्रणातही जतन झाली आहे. तरी त्यांचा जीव रमला तो मैफलीच्या मंचावर. वेषभूषा नाही, अभिनय नाही. समोर वाद्यवृंद आणि हातात स्वरलिपी.

ध्वनिमुद्रणे हा त्यांचा खरा ठेवा. जॉर्ज शोल्टी यांच्या संचालनाखाली व्हिएन्नात १९६४ मध्ये मुद्रित झालेल्या वाग्नरच्या ‘गॉटरडेमरुंग’मध्ये त्या पहिली नॉर्न, म्हणजे नियतीचा धागा वळणाऱ्या तीन बहिणींतील थोरली, गातात. या प्रदीर्घ ऑपेरातील अगदी पहिला मानवी आवाज वॉट्स यांचा आहे. शोल्टींबरोबरच त्यांनी माहलरच्या दुसऱ्या, तिसऱ्या व आठव्या सिंफनी (अनेक भागांच्या वाद्यवृंदरचना) मुद्रित केल्या. तिसऱ्या सिंफनीत गायिकेचे काम विलक्षण अवघड असते. एकटा पहिला भागच अर्ध्या तासाहून मोठा. त्यानंतर आणखी दोन भाग गेल्यावर चौथ्यात ती प्रथम तोंड उघडते. शब्द जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचे, मध्यरात्रीचे, ‘हे मानवा, सावध हो’ असे बजावणारे. वाद्यवृंद जेमतेम कुजबुजत असतो. आवाज जरा वाढला की गूढ विरते, जरा दबला की स्वर हलतो. वॉट्स हा पहिला उद्गार कोणताही आघात न देता, जणू आधीपासून चाललेल्या बोलण्यात सामील व्हावे तसा घेतात.

कॉलिन डेव्हिस यांनी १९६६ मध्ये केलेल्या हँडलच्या ‘मसाया’ या धार्मिक संगीतकृतीच्या ध्वनिमुद्रणात त्या होत्या. त्या काळी रूढ असलेला भलामोठा वृंद डेव्हिस यांनी टाळला आणि चाल हलकी ठेवली. वॉट्स यांच्या निराडंबर गायकीला हा बेत फार मानवला. एड्रिअन बोल्ट यांनी वयाची ऐंशी ओलांडल्यावर मुद्रित केलेल्या एल्गारच्या ‘द ड्रीम ऑफ जेरॉन्शस’मध्ये मरणोत्तर प्रवासातील जिवाला सोबत करणारी देवदूत त्याच आहेत. हेल्मुट रिलिंग यांनी १९८५ पर्यंत पूर्ण केलेल्या बाखच्या पवित्र कँटाटांच्या, म्हणजे चर्चमधील उपासनेसाठी रचलेल्या गायनकृतींच्या, मालिकेतही त्यांचा आवाज अनेक ठिकाणी भेटतो.

१९७८ मध्ये त्यांना सीबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला. १९८० मध्ये व्हायोलावादक मायकेल मिचेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९८५ मध्ये त्यांनी गायनातून निवृत्ती घेतली.