‘तसला’ मुलगा रिंगणात टिकत नाही?

‘पोरगा जरा मर्द होईल’ म्हणून पुण्यात अजूनही मुलांना बॉक्सिंगच्या क्लासला घालतात. त्यामागचा समज असा, की गे माणसाला ठोसा मारता येत नाही आणि खाता तर नाहीच. साफ खोटं. अमेरिकेचा एमिल ग्रिफिथ वेल्टरवेट आणि मिडलवेट, दोन्ही वजनगटांत जगज्जेता होता.

२४ मार्च १९६२ च्या न्यूयॉर्कमधल्या लढतीआधी, वजन करताना, प्रतिस्पर्धी बेनी पॅरेटने त्याला समलिंगी म्हणून हिणवलं. बाराव्या फेरीत ग्रिफिथच्या ठोशांनी पॅरेट बेशुद्ध पडला, दहा दिवसांनी वारला. ‘अपमानाचा सूड’ म्हणून ही गोष्ट चवीने सांगतात. तीही अर्धीच. तीनच महिन्यांपूर्वी पॅरेटने दुसऱ्या एका लढतीत जीन फुलमरचा बेदम मार खाल्ला होता. शिवाय पंचाने लढत फार उशिरा थांबवली. पण सूडकथेत हे बसत नाही ना!

आपल्याला पुरुषही आवडतात, याबद्दल ग्रिफिथ मोकळेपणाने बोलला तो थेट उतारवयात. पोर्तो रिकोच्या ऑर्लँडो क्रूझने मात्र २०१२ मध्ये, कारकीर्द चालू असतानाच, आपण गे असल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी तो जागतिक किताबासाठी लढला. हरला, तोही समोरचा सालिदो भारी पडला म्हणून.