ड्रोन

ड्रोन म्हणजे आत कोणी न बसता उडणारे यंत्र. जमिनीवरचा चालक ते दुरून चालवतो, किंवा आखून दिलेल्या वाटेने ते आपले आपण जाते. सरकारी मराठीत त्याला मानवरहित विमान म्हणतात. बोलण्यात मात्र ड्रोन हाच शब्द रुळला आणि लग्नातल्या ‘ड्रोन शूटिंग’मुळे तो खेडोपाडी पोचला. तळहातावर मावणाऱ्या, २५० ग्रॅमपेक्षा हलक्या यंत्रापासून १२ मीटर पंखविस्ताराच्या तुर्की ‘बायरक्तार टीबी-२’पर्यंत सगळे याच नावाखाली येते. उद्योगधंदा आणि रणांगण या दोन्ही ठिकाणची जुनी गणिते या यंत्राने कशी मोडली, हा या नोंदीचा विषय आहे.

संकल्पना

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे जोसेफ बोवर आणि क्लेटन क्रिस्टेन्सन यांनी १९९५ मध्ये उलथापालथ घडवणाऱ्या तंत्रज्ञानाची कल्पना मांडली. असे तंत्रज्ञान सुरुवातीला जुन्यापेक्षा कमअस्सल असते. पण ते स्वस्त, लहान आणि वापरायला सोपे असते. मोठ्या कंपन्यांचे चांगले गिऱ्हाईक त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, म्हणून कंपन्याही पाहत नाहीत. मग ते कुठल्यातरी दुर्लक्षित कोपऱ्यात वाढते, सुधारते आणि एक दिवस मुख्य बाजारात येऊन उभे राहते. क्रिस्टेन्सन यांनी हे दाखवले ते संगणकाच्या हार्ड डिस्कवरून. १४ इंची डिस्क बनवणाऱ्यांना ८ इंची डिस्क क्षुल्लक वाटली, ८ इंचीवाल्यांना सव्वापाच इंची, आणि प्रत्येक वेळी आधीचे बहुतेक सगळे बुडाले.

नवे आणि चकचकीत दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला हल्ली हेच बिरूद लावले जाते. त्यामुळे मूळ अर्थ पातळ झाला आहे. ड्रोनच्या बाबतीत तर तो नीट धरून ठेवावा लागतो, कारण ड्रोनचे दोन वंश आहेत आणि उलथापालथ त्यांपैकी एकानेच केली.

दोन वंश

पहिला वंश लष्करी. १८४९ मध्ये ऑस्ट्रियाने वेढा घातलेल्या व्हेनिसवर बॉम्ब टांगलेले फुगे सोडले होते. १९३५ मध्ये ब्रिटिशांनी टायगर मॉथ विमानावरून रेडिओने चालणारे ‘क्वीन बी’ तयार केले. तोफखान्याला नेमबाजीच्या सरावासाठी लक्ष्य हवे होते, तेवढाच त्याचा उपयोग. राणीमाशीच्या या नावावरूनच पुढे अमेरिकी नौदलाने आपल्या तशा यंत्रांना ड्रोन, म्हणजे नर मधमाशी, म्हणायला सुरुवात केली असे मानले जाते. जून १९८२ मध्ये इस्रायलने लेबननमधल्या बेका खोऱ्यात सीरियाची विमानवेधी क्षेपणास्त्रे हुडकायला आणि त्यांच्या रडारना फसवायला ड्रोन वापरले. बगदादमध्ये जन्मलेले आणि इस्रायलमधून अमेरिकेत गेलेले अभियंते अब्राहम कॅरेम यांच्या रचनांमधून अमेरिकेचे ‘प्रिडेटर’ हे ड्रोन आले. १९९४ मध्ये ते प्रथम उडाले, १९९५ मध्ये बोस्नियावर टेहळणी करू लागले आणि ऑक्टोबर २००१ मध्ये अफगाणिस्तानात हेलफायर क्षेपणास्त्रे घेऊन गेले. हे यंत्र प्रभावी होते, पण त्याला धावपट्टी, उपग्रह, मोठे पथक आणि महासत्तेचे अंदाजपत्रक लागे. ज्याच्याकडे आधीच सगळे होते त्याचा हात त्याने आणखी लांब केला. बोवर-क्रिस्टेन्सन यांच्या अर्थाने ही उलथापालथ नव्हे.

दुसरा वंश खेळण्यांचा. चार पंख्यांचे हेलिकॉप्टर, म्हणजे क्वाडकॉप्टर, ही कल्पना जुनी आहे. अडचण अशी की ते स्वभावतःच अस्थिर असते. दोन पंखे घड्याळाच्या दिशेने आणि दोन उलटे फिरतात. वळणे, झुकणे, वर जाणे हे सगळे चार मोटरांचा वेग कमीजास्त करूनच साधायचे. तो तोल सेकंदाला शेकडो वेळा सावरावा लागतो आणि माणसाच्या हाताला हे जमणे शक्य नाही. त्यासाठी कल आणि गती मोजणारे संवेदक लागतात, जे एके काळी क्षेपणास्त्रांत आणि विमानांतच परवडत. स्मार्टफोनने ते स्वस्त केले. पडदा आडवा धरला की चित्र आडवे व्हावे म्हणून प्रत्येक फोनमध्ये हे संवेदक आले, कोट्यवधींनी बनू लागले आणि त्यांची किंमत चिल्लरीवर आली. लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या, जीपीएसच्या चिप, नखाएवढे कॅमेरे ही सगळी त्याच घरची भावंडे. मोबाइलच्या कारखान्यांनी भरलेल्या शेन्झेन शहरात वांग ताओ यांनी २००६ मध्ये डीजेआय कंपनी काढली, हा योगायोग नव्हता. २०१३ मध्ये तिचे ‘फँटम’ आले. खोक्यातून काढायचे आणि उडवायचे. विमाने बनवणाऱ्या कंपन्यांनी त्याला खेळणे समजणे साहजिकच होते, आणि ते खेळणेच होते.

उद्योगात

पहिला फटका बसला तो भाड्याने हेलिकॉप्टर घेऊन चित्रीकरण करणाऱ्यांना. मग खाणीतल्या ढिगांचे मोजमाप, विजेच्या मनोऱ्यांची तपासणी, रस्त्याची आखणी अशी कामे एकेक करून याच्याकडे आली. रवांडात ऑक्टोबर २०१६ पासून झिपलाइन कंपनी डोंगराळ भागातल्या रुग्णालयांना ड्रोनने रक्त पोचवते. आपल्याकडे पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावी डिसेंबर २०२१ मध्ये कोविडच्या लसी अशाच गेल्या. घाटवाटेचा प्रवास नऊ-दहा मिनिटांत झाला.

महाराष्ट्रात ड्रोनचा सर्वांत खोल परिणाम गावठाणात झाला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शेतजमिनीला सातबारा आहे, पण गावठाणातल्या घरांना बहुतेक ठिकाणी नकाशाच नव्हता. मालकी ठरायची ती ग्रामपंचायतीच्या नोंदवहीवरून आणि शेजाऱ्यांच्या साक्षीवरून. बँक अशा घरावर कर्ज द्यायला कचरायची. साखळी टाकून, फळी लावून प्रत्येक गावठाण मोजायचे तर भूमी अभिलेख खात्याला पिढ्या लागल्या असत्या. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने मोजणीचा प्रयोग झाला. चुन्याने हद्दी आखायच्या, वरून एकमेकांवर चढणारी छायाचित्रे घ्यायची आणि त्यांतून नकाशा जुळवायचा, अशी ही रीत. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेने ती देशभर नेली. घरमालकाच्या हातात सनद आणि मिळकत पत्रिका आली. भाऊबंदकीतले वाद ड्रोनने मिटत नाहीत. भिंत नेमकी कुठे आहे एवढे मात्र आता कागदावर आले.

दुसरे क्षेत्र फवारणीचे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पुरुषभर उंच वाढलेल्या कपाशीत, पाठीवर पंप घेऊन, तोंडाला जेमतेम रुमाल बांधून फवारणारा माणूस औषधाच्या तुषारातच श्वास घेत असतो. दहा लिटर टाकीचा ड्रोन तोच एकर काही मिनिटांत उरकतो आणि चालक बांधावर उभा राहतो. पुढे-मागे हिशेब मांडताना हा जीव वाचण्याचा मुद्दा सर्वांत वर धरायला हवा. त्याच वेळी फवारणीच्या रोजंदारीवर ज्यांची चूल पेटते त्यांचे काम यातून जाते, हेही तितकेच खरे. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिला बचत गटांना १५,००० ड्रोन द्यायचे ठरले. किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, कमाल ८ लाख रुपये अनुदानही ठरले. छोट्या, तुकड्या-तुकड्यांच्या शेतांत यंत्र रोज पुरेसे एकर उडते का, यावर गटाचे उत्पन्न अवलंबून राहते.

या वाढीला कायद्याने वाट करून दिली ती ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी. परवानगीचे अर्ज २५ वरून ५ वर आले आणि वजनाप्रमाणे नॅनो, सूक्ष्म, लहान, मध्यम व मोठा असे वर्ग ठरले.

रणांगणावर

२०२० च्या शरद ऋतूत अझरबैजान आणि आर्मेनिया यांच्यात नागोर्नो-काराबाख या प्रदेशासाठी ४४ दिवस युद्ध चालले. अझरबैजानने जुनी एएन-२ विमाने विनाचालक उडवून आर्मेनियाच्या विमानवेधी तोफखान्याला उघडे पाडले आणि मग टीबी-२ व इस्रायली ‘हारोप’ यांनी तो टिपला. हारोप हे घिरट्या घालणारे शस्त्र. ते आकाशात थांबून लक्ष्य शोधते आणि सापडले की त्यावर स्वतःला झोकून देते. मोठे हवाई दल नसलेल्या देशालाही आकाश मिळवता येते, हे त्या युद्धात जगाने पाहिले.

खरी उलथापालथ मात्र युक्रेनमध्ये झाली, आणि ती खेळण्यांच्या वंशाने केली. चालकाच्या डोळ्यांवर चष्मा, त्यात ड्रोनच्या कॅमेऱ्यातले दृश्य, हा शर्यतीच्या हौशी ड्रोनचा प्रकार एफपीव्ही नावाने ओळखला जातो. त्याला रणगाडाभेदी गोळा बांधला की काही शे डॉलरचे शस्त्र तयार होते. ते कित्येक लाख डॉलरचा रणगाडा निकामी करू शकते. २०२४ मध्ये वीस लाखांहून अधिक ड्रोन बनवल्याचे युक्रेन सरकार सांगते. आघाडीच्या दोन्ही बाजूंचे कित्येक किलोमीटर यामुळे दिवसाढवळ्या हालचाल अशक्य झालेला पट्टा बनले आहेत. जखमीला मागे नेणे आणि पाणी पोचवणे ही तिथली सर्वांत जीवघेणी कामे झाली.

रेडिओ लहरी बुजवून ड्रोन पाडता येतो. हे जॅमिंग वाढले तेव्हा ड्रोनच्या मागे केसासारखी बारीक काचतंतूची तार सोडायला सुरुवात झाली. कित्येक किलोमीटर लांब तारेतूनच चित्र आणि आज्ञा जातात, त्यामुळे बुजवायला लहरच उरत नाही. पूर्व युक्रेनमधली शेते आणि झाडे या तारांच्या जाळ्यांनी झाकली गेली आहेत. उपाय आणि प्रतिउपाय यांचे हे चक्र काही महिन्यांत फिरते, तर लष्करी खरेदीची फाइल वर्षानुवर्षे. जुन्या शस्त्र कंपन्यांची अडचण नेमकी इथे आहे.

रशियाने इराणी रचनेचे ‘शाहेद-१३६’ हे लक्ष्यावर जाऊन आदळणारे ड्रोन ततारस्तानमधल्या अलाबुगा इथे स्वतः बनवायला घेतले. सुमारे ५० अश्वशक्तीचे दुचाकीच्या धाटणीचे इंजिन, ताशी १८० किलोमीटरच्या आसपास वेग आणि चाळीस-पन्नास किलो स्फोटके. फटफट आवाजावरून युक्रेनी लोक त्याला ‘मोपेड’ म्हणतात. ते पाडायला अमेरिकी पेट्रियट विमानवेधी क्षेपणास्त्र सोडले तर एका नेमाचा खर्च चाळीस लाख डॉलरच्या घरात जातो. पाडणारा जिंकूनही हरतो असा हा हिशेब आहे. म्हणून युक्रेनने देशभर हजारो मायक्रोफोन लावून आवाजावरून माग काढायची पद्धत बसवली, ट्रकवर मशीनगन चढवल्या आणि ड्रोन पाडायला ड्रोनच पाठवायला सुरुवात केली.

पानिपतावर १७६१ मध्ये इब्राहिमखान गारद्याच्या तोफा जड आणि पल्लेदार होत्या, पण एकदा मांडल्या की सहज हलत नव्हत्या. अब्दालीकडे जंबुरके, म्हणजे उंटांवरच्या छोट्या तोफा होत्या. एकेक दुबळे, पण हवे तिकडे वळणारे. हलक्या आणि पुष्कळ शस्त्रांचे बळ मराठी वाचकाला अनोळखी नाही.

१ जून २०२५ रोजी युक्रेनने ट्रकांवरच्या लाकडी खोल्यांत ११७ ड्रोन दडवून रशियात खोलवर नेले आणि चार हवाई तळांवर सोडले. त्यांतला इर्कुत्स्कजवळचा बेलाया तळ युक्रेनपासून चार हजार किलोमीटरहून दूर आहे. ४१ विमानांना इजा झाल्याचा युक्रेनचा दावा आहे. आकडा कमी धरला तरी उपग्रहचित्रांत जळालेली बॉम्बफेकी विमाने दिसतात आणि ती विमाने आता कुठेच बनत नाहीत.

भारताला याची पहिली झळ २७ जून २०२१ रोजी लागली. जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनने दोन स्फोट घडवले. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी दोन्ही बाजूंनी ड्रोन मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. ८ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन सोडल्याचे भारत सरकारने सांगितले. त्यांना तोंड देण्यात जुन्या एल-७० तोफाही कामी आल्या, कारण तोफगोळा स्वस्त पडतो. त्याआधी एप्रिलमध्ये डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेने कर्नूल इथे ३० किलोवॅटच्या लेझरने ड्रोन पाडून दाखवला होता.

या घडामोडीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये काढलेली नवी मुंबईची आयडियाफोर्ज सैन्याला टेहळणीचे ड्रोन पुरवते. नागपूरची सोलर इंडस्ट्रीज मूळची खाणींसाठी स्फोटके बनवणारी. तिच्या गटातल्या कंपनीने ‘नागास्त्र-१’ हे नऊ किलोचे घिरट्या घालणारे शस्त्र तयार केले आणि २०२४ मध्ये त्याची पहिली खेप लष्कराला दिली. लक्ष्य सापडले नाही तर हे यंत्र हवाई छत्रीने उतरवून पुन्हा वापरता येते.

मर्यादा

क्वाडकॉप्टरची बॅटरी सहसा अर्ध्या तासात संपते. धुके, पाऊस, जोराचा वारा त्याला मानवत नाही. युक्रेन युद्धात रशियाची विमानवेधी व्यवस्था सावरल्यावर टीबी-२ आघाडीवरून जवळपास दिसेनासे झाले. जिंकलेली जमीन धरून ठेवायला पायदळच लागते. आणखी एक मर्यादा कारखान्यातली आहे. मोटरांतली चुंबके, बॅटऱ्या, कॅमेरे यांचा पुरवठा बहुतांशी चीनच्या हाती आहे. सप्टेंबर २०२३ पासून चीनने काही ड्रोन आणि सुट्या भागांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा युक्रेनपासून भारतापर्यंत सगळ्यांना आपल्या ‘स्वदेशी’ यंत्रात काय काय बाहेरचे आहे ते मोजावे लागले.

नागरिक आणि कायदा

युक्रेनच्या खेरसोन शहरात नीपर नदीपलीकडून येणारे रशियाचे छोटे ड्रोन सायकलस्वार, बसथांब्यावरची माणसे आणि रुग्णवाहिका यांच्या मागे लागतात. चालकाला पडद्यावर समोरचा माणूस स्पष्ट दिसत असतो. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने मे २०२५ मध्ये या हल्ल्यांना मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरवले. जॅमिंगवर मात करायला आता शेवटच्या टप्प्यात लक्ष्य धरून ठेवण्याचे काम ड्रोनमधल्या संगणकाकडे दिले जात आहे, आणि त्या टप्प्यात माणसाला हात मागे घेता येत नाही. माणसाच्या निर्णयाविना जीव घेणाऱ्या शस्त्रांवर २०२६ पर्यंत बंधनकारक करार करावा, असे आवाहन संयुक्त राष्ट्रांचे महासचिव अँटोनियो गुटेरेस यांनी केले आहे.