दोघंही बरोबर, तरी बोलणं खुंटलं

२७ जानेवारी १९७९. शनिवार होता. कॅलिफोर्नियातल्या मरीना डेल रे इथे, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये सुट्टीच्या दिवशी काही संगणकतज्ज्ञ जमले. आज ज्याच्या खांद्यावर इंटरनेटचा बराचसा भार आहे ते टीसीपी, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी कसं बोलायचं याची नियमावली, तेव्हा पुरतं ठरलेलंही नव्हतं. मसुदा एकच होता, पण त्यावरून सहा वेगवेगळे प्रोग्राम लिहिले गेले होते. त्या शनिवार-रविवारचं काम एवढंच: हे सहा जण एकमेकांशी बोलतात का, ते बघायचं.

या जमावाला नाव होतं ‘बेक-ऑफ’, म्हणजे पदार्थ भाजून आणायची चढाओढ. इंटरनेटच्या पायाभरणीतले जॉन पोस्टेल यांनी अशा चढाओढींसाठी मुष्टियुद्धाच्या सामन्यासारखा गुणतक्ता केला होता. तो पुढे १९८७ मध्ये आरएफसी १०२५ म्हणून पुन्हा छापला गेला (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे क्रमांक घातलेले जाहीर दस्तऐवज). हलक्या वजनगटात स्वतःशीच जोडणी करून दाखवली की १ गुण. मधल्या गटात दुसऱ्याशी बोलता आलं की २. जड वजनगटात मात्र खरी मजा. तिथे १० गुणांना एक ‘कामिकाझे’ पॅकेट पचवायचं असे. पॅकेट म्हणजे जाळ्यातून जाणारी मजकुराची छोटी पुडी. टीसीपीच्या प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर काही खुणा असतात: बोलणं सुरू करतोय, बोलणं संपवतोय, हे तातडीचं आहे, हे लगेच पुढे ढकल. शहाणं पॅकेट यातल्या एकदोनच खुणा लावतं. कामिकाझे पॅकेट सगळ्या एकदम लावून, वर मजकूरही घेऊन येतं. ‘नमस्कार, निघतो, घाई आहे’ हे एका श्वासात. नियमांनुसार ते चालतं. पण ते चालतं हे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं.

नियमात राहून प्रतिस्पर्ध्याला आडवं केलं तर ३० गुण, आडदांडपणा करून केलं तर २०. सगळ्यात चांगल्या सबबीला १० आणि सगळ्यात कमी सबबी सांगणाऱ्याला २०. थट्टेचा सूर सोडला तरी हा तक्ता मला फार नेमका वाटतो. धसमुसळेपणानं कोणीही कोसळतो. कायदेशीर पॅकेटनं कोसळला, तर मसुदा वाचण्यात कुठेतरी खोट आहे.

आता साधा प्रश्न. मसुदा हातात आहे, लिहिणारे हुशार आहेत, मग हा खटाटोप कशाला? आपापल्या ठिकाणी चाचणी घेता येत नाही का?

येते, आणि घोळ तिथेच होतो. मी पाठवणारा प्रोग्राम लिहिला, घेणाराही मीच लिहिला. मसुद्यातल्या एका वाक्याचा माझा अर्थ चुकला असेल, तर तो दोन्हीकडे सारखाच चुकलेला असतो. दोघं अगदी गुण्यागोविंदानं बोलतात. समजा, पुढे किती बाइट मजकूर येतोय ते दोन बाइटांत आधी सांगायचं आहे आणि आकडा २५८ आहे. मोठा भाग आधी लिहिणारा पाठवेल १, मग २. कारण एकदा २५६ अधिक २. छोटा भाग आधी वाचणारा तेच दोन बाइट उलटे धरेल आणि त्याला दिसतील ५१३. तो २५८ बाइट घेईल आणि उरलेल्या २५५ची वाट बघत बसेल. कुठे काही फुटलं नाही, चूक झाल्याचा संदेश नाही, फक्त शांतता. इंटरनेटवर मोठा भाग आधी, असं ठरलेलं आहे. पण ते विसरलेला माणूस स्वतःशी बोलून बघतो तेव्हा त्याला काहीच खटकत नाही, कारण दोन्ही टोकं सारखीच विसरलेली असतात. म्हणून समोर परका प्रोग्राम लागतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे कोणाचीच चूक नसणं. जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये सुचवलं, की आधी पाठवलेल्या मजकुराची पोच यायची असेल तर नवा चिमूटभर मजकूर लगेच पाठवू नका, साठू द्या. उगाच जाळ्यात गर्दी नको. शहाणपणाचीच गोष्ट. दुसरीकडे घेणाऱ्यानं पोच देण्याची घाई करू नये, जरा थांबावं, उत्तर तयार झालं तर त्याच पॅकेटातून पोच जाईल, असाही एक संकेत आला. तोही शहाणपणाचा. आता एखाद्या प्रोग्रामनं आपली विनंती दोन छोट्या तुकड्यांत लिहिली. पहिला तुकडा गेला. दुसरा पोचेसाठी अडला. पलीकडचा अर्धीच विनंती हाती असल्यामुळे उत्तर देऊ शकत नाही आणि उत्तराच्या आशेनं पोच रोखून बसलाय. आधी तुम्ही, आधी तुम्ही! शेवटी पलीकडच्याचा संयम संपतो, बऱ्याच प्रणालींत सेकंदाच्या पाचव्या भागात. हे दर विनंतीला घडलं की सगळं रांगायला लागतं. वेगवेगळे तपासले तर दोघंही पैकीच्या पैकी गुण घेतील.

इंटरनेटवरून फोन लावायचा प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याची ठरलेली रीत, सिप. त्याच्या लोकांनी हीच प्रथा उचलली. एप्रिल १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांचा पहिला मेळावा भरला, तोही बेक-ऑफ या नावानंच. पण हे नाव पीठ विकणाऱ्या एका कंपनीचा ट्रेडमार्क निघालं, तेव्हा मेळाव्याचं नाव ‘सिपिट’ झालं. अशा ठिकाणी विक्रीवाले नसतात, अभियंतेच असतात, आणि कोणाचं काय फसलं ते बाहेर न सांगण्याचा करार अनेक मेळाव्यांत असतो. त्याशिवाय कोण आपलं अर्धकच्चं काम चारचौघांत उघडं करणार?

तिथल्या अनुभवांतून २००६ मध्ये आरएफसी ४४७५ आला. त्याचं नावच ‘छळ-चाचणी संदेश’. पहिला नमुना बघण्यासारखा आहे. ‘मॅक्स-फॉरवर्ड्स’ हे शीर्षक एक अक्षर मोठं, एक लहान अशा डुलत्या लिपीत, आणि त्यापुढे किंमत ००६८. ओळी मध्येच मोडलेल्या, विरामचिन्हांपुढे नको तितकी मोकळी जागा. वाचताना वाटतं, कुणीतरी वैतागून टाइप केलंय. पण संदेश पूर्ण वैध आहे, आणि तो नाकारणारा प्रोग्राम चुकीचा. यातली गंमत समजायला शब्दशः वाचायची सवय लागते, वकिलासारखी.

आता एक वादाचा मुद्दा. याच पोस्टेल यांचं १९८०चं एक सूत्र प्रसिद्ध आहे: स्वतः पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याचं घेताना उदार व्हा. मेळाव्यात ही उदारता फार सोयीची पडते. समोरच्याचं पॅकेट जरा वाकडं आहे, जाऊ दे, घेऊन टाकू. चौकटीत बरोबरची खूण पडते. पण मग ती वाकडी चाल हजारो यंत्रांत जाते, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला तीच सांभाळावी लागते. माझं मत विचाराल तर मेळाव्यात उदार असू नये. तिथे खडूस असावं.

हा फुकाचा खडूसपणा नव्हे. वेबवरचे संदेश कुलूपबंद ठेवणारं टीएलएस १.३ हे २०१८ मध्ये ठरलं. पण नवा आवृत्ती-क्रमांक दिसताच गडबडणारी यंत्रं रस्त्यात इतकी होती, की आजही टीएलएस १.३ आपल्या पहिल्या संदेशात जुन्या जागी ‘मी १.२’ असंच सांगतं आणि खरी ओळख आतल्या एका रकान्यात ठेवतं. अनोळखी किंमत आली तर दुर्लक्ष करा, हा नियम होताच. पण अनोळखी किंमत कधी आलीच नव्हती, त्यामुळे तो पाळला जातोय का हे कोणी पाहिलंच नव्हतं. यावरचा उतारा २०२० मध्ये आरएफसी ८७०१ म्हणून छापला गेला: ब्राउझरनं अधूनमधून मुद्दाम निरर्थक किंमती पाठवत राहायचं. बिजागरी गंजू नये म्हणून दार रोज हलवायचं, तसं.

आता मेळावा वर्षातून एकदोनदाच भरतो असंही नाही. २०२१ मध्ये मानक झालेल्या क्विक या टीसीपीसारखंच काम करणाऱ्या नव्या प्रोटोकॉलच्या बाबतीत, मसुदा घडत असतानाच लोक एका सामाईक तक्त्यात अक्षरं भरत होते: हँडशेक, म्हणजे सुरुवातीची ओळखपाळख, जमला तर एक अक्षर, मजकूर गेला तर दुसरं. पुढे ते काम एका प्रोग्रामकडे गेलं. तो प्रत्येक क्लायंटला (विनंती करणाऱ्याला) प्रत्येक सर्व्हरसमोर (उत्तर देणाऱ्यासमोर) बसवतो, मधल्या नकली जाळ्यात पॅकेटं हरवतो, बिघडवतो आणि निकाल मांडतो. जोडी उलटी केली की निकाल बदलतो, असंही घडतं.

एखादी चाचणी आपल्याला येत नसेल तर तसं कबूल करायची सोय इथे आहे: १२७ हा आकडा परत करून निघून जायचं. ना गुण, ना दंड. मात्र त्या कबुलीवर आंधळा विश्वास कोणी ठेवत नाही. म्हणून हा प्रोग्राम आधी कुठेच अस्तित्वात नसलेल्या, अक्षरं कशीही जुळवून केलेल्या नावाची एक चाचणी मागतो. त्यावर १२७ म्हणणारा पुढे जातो. ‘येते की’ म्हणणाऱ्याला पुढचं काही विचारतच नाहीत.