शोवा ३० म्हणजे १९३० नव्हे : जपानी आजी-आजोबांसाठी कराओकेची गाणी निवडताना

तोक्योतल्या निशिकासाईतले आमचे काम छोटे आहे. कराओकेचा संच भाड्याने द्यायचा आणि ‘कोणती गाणी लावू?’ या प्रश्नाचे उत्तर द्यायचे. हल्ली संचापेक्षा उत्तरालाच जास्त वेळ लागतो. आपल्यापैकी कोणी ज्येष्ठांच्या केंद्रात काळजीवाहक आहे, कोणाचे सासू-सासरे जपानी आहेत, कोणाला कंपनीतल्या निवृत्त साहेबांना घेऊन बसायचे असते. सप्टेंबरचा तिसरा सोमवार, म्हणजे ‘केइरो नो हि’ हा ज्येष्ठांचा दिवस, जवळ आला की सगळ्यांचा एकच निरोप येतो : “जुनी जपानी गाणी पाठवा.”

जुनी म्हणजे कधीची? आपल्याकडेही ‘जुनी गाणी’ म्हटल्यावर आजोबांच्या मनात एक येते आणि काकांच्या मनात दुसरेच. आमचा ठोकताळा असा : माणूस पंधरा ते वीस वर्षांचा असताना जे गाणे रस्त्यात, रेडिओवर, दुकानात वाजत होते, तेच तो उतारवयात माइक हातात घेऊन गातो. त्याआधीचे गाणे त्याच्या आईचे. म्हणून आम्हाला वय नको, आवड नको, आधी जन्मसाल हवे.

आणि खरी गोम इथेच आहे. केंद्रातल्या कागदावर जन्मसाल बहुधा शोवा युगात, म्हणजे तेव्हाच्या सम्राटाच्या कारकिर्दीपासून मोजलेल्या वर्षांत, लिहिलेले असते, आणि ग्राहक आम्हाला नुसता आकडा पाठवतात. मागे एकाने लिहिले, “३० सालचे सहा जण आहेत.” आम्ही १९३० समजलो आणि युद्धानंतरची यादी केली : १९४६चे ‘रिंगो नो उता’ म्हणजे सफरचंदाचे गाणे, १९४९चे ‘आओइ सान्म्याकु’ म्हणजे निळी डोंगररांग. मंडळी निघाली शोवा ३०ची, म्हणजे १९५५ची! ‘रिंगो नो उता’ त्यांच्या जन्माआधी नऊ वर्षे गाजलेले. सगळ्यांनी हसून टाळ्यांचा ताल धरला, माइकला मात्र कोणी हात लावला नाही. ग्राहकाचा फोन तिथूनच आला, “लगेच दुसरी यादी द्या.” चूक थोडी आमचीही होती, विचारायला हवे होते. तेव्हापासून युग लिहिले नसेल तर आम्ही यादी करायलाच घेत नाही. काहींना हा आडमुठेपणा वाटतो. वाटू दे.

हिशेब सोपा आहे. शोवाच्या आकड्यात २५ मिळवा, इसवी सनाचे शेवटचे दोन आकडे मिळतात. शोवा १० म्हणजे १९३५, शोवा २२ म्हणजे १९४७. कोणी शंभरी गाठलेले असेल तर कागदावर शोवाच्या आधीचे तैशो युग दिसेल, तिथे ११ मिळवायचे : तैशो १४ म्हणजे १९२५.

शोवा १०च्या आसपासच्या मंडळींना गायिका मिसोरा हिबारी हवीच. ती स्वतः १९३७ची, म्हणजे त्यांच्याच बरोबरीची, आणि लहान वयातच प्रसिद्ध झालेली. तिचे ‘कावा नो नागारे नो यो नि’ (नदीच्या प्रवाहासारखे) आले जानेवारी १९८९मध्ये, ज्या महिन्यात शोवा युग संपले. त्याच वर्षी जूनमध्ये ती गेली. हे गाणे सुरू झाले की खोली जरा शांत होते. घाबरू नका, लगेच पुढचे लावू नका.

शोवा २२च्या लोकांसाठी १९६२चे द्वंद्वगीत ‘इत्सुदेमो युमे ओ’ आणि १९६३चे ‘कोको सान्नेन्सेइ’ (हायस्कूलचे तिसरे वर्ष). ही पिढी शाळेच्या गणवेशात ज्या गाण्यावर रेंगाळली ते हे. याच वयाच्या एखाद्या आजोबांनी बीटल्स मागितले तर चकित होऊ नका. १९६६मध्ये बीटल्स तोक्योच्या बुदोकानमध्ये गाऊन गेले, तेव्हा हे आजोबा एकोणीस वर्षांचे होते. शोवा ३०वाल्यांना १९७२चे ‘सेतो नो हानायोमे’ किंवा १९७३चे ‘कांदागावा’ द्या.

ठोकताळ्याला अपवाद आहे १९७७ची दोन गाणी : ‘त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी’ आणि ‘कितागुनि नो हारु’. ती सगळ्याच वयाचे लोक गातात. आमच्या मते कारण असे की त्याच सुमारास कराओके बारमधून सगळीकडे पसरत होते, त्यामुळे तेव्हाचे तरुण आणि चाळिशीचे, दोघांनीही ती माइकवरच पाठ केली. कोबेमध्ये इनोउए दाइसुके यांनी १९७१मध्ये आपली यंत्रे भाड्याने द्यायला सुरुवात केली, तिथून हे सगळे सुरू झाले. म्हणजे भाड्याचा धंदा त्यांचा, आम्ही नुसते चालवतो.

तुम्हाला स्वतःला गायचे असेल तर बहुतेक जण १९६१चे ‘उए ओ मुइते आरुको’ निवडतात, जे अमेरिकेत ‘सुकियाकी’ या भलत्याच नावाने पहिल्या क्रमांकावर गेले होते. गाणे उत्तमच आहे, पण एका संध्याकाळी तीन भारतीयांनी पाठोपाठ तेच गायलेले आम्ही ऐकले आहे. आपला कान असा आहे की थोडे पुढे जायला हरकत नाही. जपानी जुन्या गाण्यांत ‘योनानुकी’ नावाची स्वररचना फार आढळते : चौथा आणि सातवा स्वर गाळलेला. म आणि नी वर्ज्य, म्हणजे आपला भूपच! एन्का या जुन्या धाटणीच्या भावगीतांतली ‘कोबुशी’ ही गळ्याची हरकतही मुरकीच्या जवळची. फक्त नाट्यगीतासारखी तान लांबवू नका, पडद्यावरची अक्षरे कोणासाठी थांबत नाहीत. आणि आजोबांची पट्टी चढत नसेल तर न विचारता दोन घरे खाली उतरवा, त्यांना ते मागायला संकोच वाटतो.

दोन तक्रारींविषयी. एक, आम्ही गाण्यांचे क्रमांक देत नाही, जपानी लिपीतले नाव देतो. कारण कराओके यंत्रांच्या दोन कंपन्यांपैकी ‘डॅम’चे क्रमांक ‘जॉयसाउंड’च्या यंत्रावर चालत नाहीत. दोन, “शब्द देवनागरीत लिहून पाठवा ना.” नाही पाठवत. जपानमध्ये गीतकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे हक्क शाबूत राहतो आणि यातली बरीच गाणी त्यात येतात. त्याऐवजी अर्धा तास आमच्यासमोर बसून उच्चार पक्के करून घ्या. ह्रस्व-दीर्घ चुकले तर ‘ओबाआसान’ची, म्हणजे आजीची, ‘ओबासान’ म्हणजे मावशी होते. आजींना ते चालते म्हणा!

दहा गाण्यांची यादी संचाबरोबर फुकट. उच्चारांच्या सरावाचे १,५०० येन, यादी कितीही वेळा बदलली तरी तेवढेच. निरोपात इतके लिहा : किती जण, प्रत्येकाचे जन्मसाल युगासह, आणि कोणाला ऐकायला कमी येते का, म्हणजे स्पीकर कोणता द्यायचा ते ठरवता येईल. केइरो नो हिसाठीचे संच ऑगस्टअखेरपर्यंत सांगून ठेवा, त्या आठवड्यात आमच्याकडे एकही शिल्लक राहत नाही.