संगिनीचे नसते उद्योग

अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१-६५) रात्री उजेड हवा असला की शिपाई संगीन उलटी करून जमिनीत किंवा एखाद्या ओंडक्यात खुपसायचे. बंदुकीच्या नळीवर बसणारं तिचं पोकळ नळकांडं मग वरच्या बाजूला यायचं आणि त्यात मेणबत्ती नीट उभी राहायची. झाली समई! त्या उजेडात घरी पत्रं लिहिली जायची, पत्ते कुटले जायचे. त्याच युद्धात नोंदल्या गेलेल्या जखमांमध्ये संगिनीच्या जखमा एक टक्कासुद्धा भरत नाहीत. शत्रूच्या अंगापेक्षा छावणीच्या मातीतच ती जास्त वेळा घुसली असणार.

पेंटचा डबा स्क्रू ड्रायव्हरने उघडणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटायला नको. कंबरेला अर्धा किलो पोलाद लटकत असेल तर माणूस त्याने काहीही करून पाहतो. गंमत पुढे आहे. यातले काही उद्योग बिनबोभाट पार पडतात आणि काहींत संगिनीचीच वाट लागते. कुठल्या उद्योगाचं काय होणार, ते पोलादाचे नियम ठरवतात.

मांस भाजायचंच बघा. संगीन म्हणजे आयती सळई. जो भाग मांसात रुतलेला असतो त्याला फारसा धोका नसतो, कारण मांसात पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही. पण पलीकडून बाहेर आलेलं उघडं टोक निखाऱ्यांत गेलं की संपलं. पोलाद आधी लाल तापवून एकदम थंड करतात, त्याने ते कडक पण ठिसूळ होतं. मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. आपले लोहार याला हत्याराला पाणी देणं म्हणतात. या दुसऱ्या खेपेच्या तापमानाच्या वर पोलाद पुन्हा तापलं की पाणी उतरतं. साधारण ३०० अंशांना पोलादावर निळी झाक येते, आणि निखारे तर त्याच्या दुपटीहून गरम असतात. निळं पडलेलं टोक दिसतं छान, पण ते मऊ झालेलं असतं.

दुसरा आवडता उद्योग म्हणजे पेटीचं झाकण उचकटणं. इथे पातं मोडतं, आणि मोडतं ते बहुधा टोकाजवळ. पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी अर्धी झाली तर ताठपणा एक अष्टमांश उरतो. टोकाकडे निमुळतं होत गेलेलं पातं पहारीचं काम कसं करणार? संगिनीच्या पात्यावर जी लांबट पन्हळ असते ती रक्त वाहून जाण्यासाठी, असं सर्रास सांगितलं जातं. ती थाप आहे. वाकताना पट्टीच्या मध्यावरच्या धातूवर ताण फारसा येत नाही, तो येतो बाहेरच्या भागावर. म्हणून मधला धातू काढून टाकला तर वजन घटतं आणि ताठपणा जवळजवळ तसाच राहतो. रेल्वेचा रूळ मध्ये बारीक असतो तोही याच हिशेबाने.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी पातंच काढून टाकलं. त्यांच्या नंबर ४ रायफलची संगीन म्हणजे २० सेंटिमीटरचा निव्वळ खिळा. शिपाई तिला डुक्कर टोचायची सळई म्हणून हिणवत. पाव कापता येत नाही, दोर कापता येत नाही, असली कसली संगीन! पण तंबूची खुंटी म्हणून ती उत्तम, आणि डबा फोडायलाही. सगळा जोर एवढ्याशा टोकावर एकवटला की पातळ पत्र्याचं काही चालत नाही. आखूडपणाचाही फायदा होता. सळई टोकाकडून दाबली तर ती वाकून निकामी होण्याआधी किती भार सोसेल, हे लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. पहिल्या महायुद्धातली फ्रेंच लेबेल रायफलची संगीन ५२ सेंटिमीटर लांब होती. जाडी आणि छेद सारखाच धरला, तर २० सेंटिमीटरचा खिळा तिच्या जवळजवळ सातपट भार घेईल. फ्रेंच शिपायांना हे गणित ठाऊक असो वा नसो, खंदकात त्या संगिनी तोडून त्यांच्या सुऱ्या बनवल्या गेल्याच.

मग रचनाकारांनीच नसते उद्योग अंगावर घ्यायला सुरुवात केली. १८७३ साली अमेरिकन सैन्याने एडमंड राइस यांची खुरप्याच्या आकाराची संगीन घेतली, सुमारे १०,००० नग. धड खुरपं नाही, धड संगीन नाही. ती टिकली नाही.

टिकली ती सोव्हिएत कल्पना. १९५९च्या एकेएम रायफलबरोबरच्या संगिनीच्या पात्याला लांबट भोक आहे आणि म्यानाच्या टोकाला बोंड. बोंड भोकात अडकवलं की पातं आणि म्यान मिळून तार तोडायची कात्री होते. अडकित्त्यात सुपारी बिजागरीच्या जितकी जवळ सरकवू तितकी ती सहज फुटते, तोच प्रकार. समजा हात बिजागरीपासून २० सेंटिमीटरवर आहेत आणि तार एका सेंटिमीटरवर. १५ किलोचा जोर तारेवर ३०० किलोचा होतो. तारेत वीज सोडलेली असली तर? म्हणून मूठ प्लॅस्टिकची आणि म्यानावर रबराचं आवरण. याची किंमत पात्याला मोजावी लागते. भोक पाडलेला पत्रा ओढला तर गोल भोकाच्या कडेला ताण सुमारे तिप्पट होतो, म्हणजे पातं उचकटायला आणखीच नालायक. तरीही अमेरिकेने १९८६मध्ये आपल्या एम-९ संगिनीसाठी हीच युक्ती उचलली.

माझ्या मते संगिनीचा सगळ्यात मोलाचा उद्योग मात्र भूसुरुंग शोधण्याचा. फेब्रुवारी १९४१मध्ये ॲबिसिनियात (आजच्या इथिओपियात) खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत यांनी ९६ तासांत ५५ मैलांच्या वाटेवरची १५ सुरुंगक्षेत्रं मोकळी करून घेतली. त्यात त्यांच्या कानाचा पडदा फाटला, आणि पुढे त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पोलिश अभियंता कोसात्स्की यांचं सुरुंगशोधक यंत्र तेव्हा अजून तयारही झालेलं नव्हतं. ते आलं, तर जर्मनांनी लाकडी खोक्याचे सुरुंग पेरले. त्यांत धातू इतका कमी की यंत्र गप्पच. मग पुन्हा संगीन हातात.

पालथं पडून ती जमिनीत साधारण ३० अंशांच्या कोनात हलकेच सरकवायची, मग थोडं बाजूला पुन्हा. सुरुंगाची कळ वरच्या अंगाला असते. तिरकं टोक बहुधा त्याच्या कुशीला लागतं. वर लागलंच तरी ३० अंशांत हाताच्या जोराचा अर्धाच भाग खाली दाबतो. जर्मन एस-माइन सुमारे सात किलोच्या दाबाने उडायचा, तेव्हा हा अर्धा हिशेब फार महत्त्वाचा. दगड, लाकूड की पत्रा, हे टोकातून बोटांना जाणवतं. तिथे बारीक, ताठ खिळा पात्यापेक्षा सरस ठरतो, कारण मातीचा अडथळा कमी म्हणून स्पर्श स्पष्ट.

आज सुरुंग काढणारे वापरतात ती टोचणी चुंबकाला न खेचली जाणाऱ्या धातूची असते, कारण काही सुरुंग लोखंड जवळ आलं तरी पेटतात. लांब, बारीक, टोकदार, मुठीपुढे हाताला आडोसा. बंदुकीवर बसवायची सोय मात्र तिला नाही.